सर्व्हिस बुकाचा माग

सुखरामच्या धाकट्या मुलीचं, गुड्डीचं, लग्न झालं ते साल दोन हजार सात. मे महिन्यातलं लग्न. मांडवातच, पहिल्या पंगतीत, कवडूने समोरच्या पाहुण्यांना स्वतःची ओळख करून दिली.

"मी कवडू. जंगलखात्यात गार्ड होतो, पण ते लोकायले दाखवाले. आतून मी डिटेक्टिव्ह. नाकाडोंगरीच्या जंगलात एकतीस वर्षं माग काढले. वाघ कोणत्या अंगानं गेला, कायले गेला, जाताना त्याच्या मनात काय होतं, हे मी वाळल्या पानावरून सांगतो. पोलिसायले पान दिसते, मन नाही दिसत."

"मंग वाघ सापडे का जी?" एका पाहुण्याने विचारलं.

"सापडाची गरजच नव्हती. माग पुरा झाला का माझं काम संपे."

सुखराम वरण वाढत होता. तो पुढच्या पानाकडे सरकला. कवडूने एकदा प्लास्टरमध्ये घेतलेला वाघाच्या पंजाचा ठसा मोठ्या साहेबांकडे गेला होता आणि तो चौकीवरच्या कुत्र्याचा असल्याचं लेखी उत्तर आलं होतं, हे त्याला माहीत होतं. पण मुलीच्या लग्नात असल्या गोष्टी काढायच्या नसतात.

सुखराम तुमसरला नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होता, तिथूनच निवृत्त झाला. कवडूचा तो मदतनीस कसा झाला याचं कारण साधं आहे. सुखरामजवळ मोपेड होती आणि कवडूला सायकलसुद्धा येत नव्हती. शिवाय तपासाच्या नोंदी लिहायला कुणीतरी हवं होतं. सुखराम अक्षरं शिकला ते पंचेचाळिसाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. एकेक अक्षर काढायला त्याला इतके कष्ट पडत, की खोटं लिहिणं त्याला परवडत नसे. त्यामुळे कवडूच्या तपासाची वही बहुतेक कोरीच असायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गल्लीतले आनंदराव सर कवडूच्या ओसरीवर आले. विद्यापीठाशी जोडलेल्या एका कॉलेजात ते चौतीस वर्षं इतिहास शिकवत होते. तीस तारखेला निवृत्त व्हायचे होते. सोबत त्यांच्या पत्नी विमलाबाई होत्या.

"कवडूभाऊ, माझं सर्व्हिस बुक कॉलेजातून गायब झालं," सर म्हणाले.

कवडूने डोळे मिटले. "किती वाजता?"

"ते कसं सांगू? नवीन हेडक्लार्क जागेश्वर जानेवारीत आले, तेव्हापासून त्यांनी पाहिलंच नाही म्हणतात."

सुखरामला सर्व्हिस बुक म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं. त्याचंही एक होतं, चाळीस पानांचं, बारीकसं. सरांचं मात्र वर्षानुवर्षं पानं चिकटवून उशीएवढं झालेलं. प्राध्यापकाची नेमणूक, रजा, दवाखान्याची बिलं, प्रवासाची सवलत, पेन्शन, सगळं त्या एका बुकात. ते नसलं तर माणूस चौतीस वर्षं कॉलेजात येऊन उभा राहत होता याला पुरावा फक्त विद्यार्थ्यांचा. आणि विद्यार्थी तासाला बसत कुठे होते?

"पेन्शन उशिरा का होईना, निंगन," विमलाबाई म्हणाल्या. "मले घोर हाय मनालीचा."

मनाली त्यांची एकुलती एक मुलगी, एकोणतीस वर्षांची. जन्मापासून पायात बळ नाही, आणि तिचं बोलणं आईशिवाय कुणाला उमगत नसे. आईबाप गेल्यावर अशा लेकराला त्याच्या हयातीपर्यंत कुटुंब पेन्शन मिळू शकतं, पण त्यासाठी तिचं नाव आणि डॉक्टरांचा दाखला सरांच्या बुकात चढायला हवा होता.

"इतकी वर्षं काहून नाही चढवलं?" सुखरामने विचारलं.

सर खाली पाहत म्हणाले, "दाखला तीनदा परत आला. कधी सही नाही, कधी शिक्का नाही. आता हातात आहे, तर बुक नाही. जागेश्वर म्हणतात, तीस तारखेच्या आत चढलं तर ठीक. नंतर कोण कुणाला विचारतो? आणि आम्ही दोघं गेल्यावर तिच्यासाठी टेबलाटेबलावर कोण फिरणार?"

सुखरामने वही उघडली आणि लिहिलं: *मनाली. तीस तारीख.* एवढं लिहायला त्याला दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी दोघे कॉलेजच्या कार्यालयात गेले. कवडू गुडघ्यावर बसला आणि कपाटापासून दारापर्यंत रांगत गेला. झाडूवाल्या बेबीबाईने बादली उचलून त्याला वाट दिली.

"अनवाणी पाय, रुंद टाच, रोजची वाट," कवडू तिच्या ओल्या पावलांकडे पाहून पुटपुटला. "गवत खाणारा प्राणी. निरुपद्रवी. वगळ."

"कोणाले प्राणी म्हनते जी हा?" बेबीबाईने विचारलं.

"तुमाले नाही, मावशी," सुखराम घाईने म्हणाला.

कवडूला हवा होता बिबट्या, आणि तो त्याला पाच मिनिटांत सापडला. सरांच्याच विभागातले भुपेंद्र सर. रबरी तळव्यांचे बूट, चाल दबकी, हातात कुलूपबंद ब्रीफकेस. सर गेले की विभागप्रमुख तेच होणार होते. तीन दिवस सुखरामच्या मोपेडवर बसून कवडूने त्यांचा पाठलाग केला. भुपेंद्र सर रोज एकाच वाटेने घरी जात. कवडूच्या मते ही लबाडीची हद्द होती.

चौथ्या दिवशी कवडूने त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. काही न विचारता समोर बसला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिला.

"आमाले सगळं मालूम हाय," शेवटी तो म्हणाला.

भुपेंद्र सरांनी ब्रीफकेस जवळ ओढली. "काय मालूम हाय?"

"तुमी जे केलं ते."

"जागेश्वरनं सांगितलं ना?"

"कागद बोलतात, सर."

भुपेंद्र सर कोसळलेच. "कबूल! मी कन्याकुमारीले गेलोच नव्हतो! रजा प्रवास सवलत घेतली, पण निंगाच्या दिवशीच सासू आजारी पडली. पंधरा दिवस आंबागडले सासऱ्याच्या घरी होतो. किल्ल्यावर चढलो, तोच आमचा प्रवास. तिकिटं साल्यानं आणून दिली. माझ्या बायकोले सांगू नका."

"बायकोले काहून मालूम नाही?" सुखरामला राहवलं नाही. "ती सोबतच होती ना?"

"सोबत होती, पण बिल लावलं हे तिले नाही माहीत. तिले वाटते ते पैसे मी वापस केले."

ब्रीफकेसमध्ये दोन पोळ्या, वांग्याची भाजी आणि त्या प्रवासाची कागदपत्रं निघाली. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून ती भुपेंद्र सर रोज स्वतःबरोबर वागवत होते. कवडूने बाहेर येऊन जाहीर केलं, की एक गुन्हा उघडकीला आला.

"पण हा आपला नव्हता," सुखराम म्हणाला.

"सुरुवातीले असंच होते. बिबट्याच्या मागावर निंगा, पहिले डुक्कर भेटते."

दुसरा तर्क रद्दीचा निघाला. जागेश्वर नवे होते, त्यांनी येताच कपाटं आवरली होती. म्हणजे बुक रद्दीत गेलं, तिथून आलुबोंड्याच्या गाडीवर. बसस्टँडजवळच्या गाडीवर दोन दिवस सुखराम आलुबोंडे खात बसला, कारण तेलकट कागद वाचायला मिळायचा तर आधी बोंडा घ्यावा लागे. तो अक्षर लावून लावून वाची, तोवर दुसरा बोंडा गार होई.

"काय लिहिलंय?" कवडू दर वेळी विचारी.

"अकबराच्या... राज्याची... वैशिष्ट्ये. मंग खाली लिहिलंय, सर, मला पास करा, माझं लग्न जुळलं हाय."

"कोणाचं अक्षर?"

"मुलीचं दिसते."

"तिच्यावर नजर ठेवा लागन."

घरी ललिताबाईंनी, म्हणजे कवडूच्या बायकोने, सुखरामला ओव्याचं पाणी दिलं. "भाऊजी, तुमी ह्यायच्या नादी लागू नका. ह्यायचा चष्मा हरवला तर ह्यायनं गावच्या सरपंचावर संशय घेतला होता. तो चष्मा ह्यायच्याच कपाळावर होता."

"तो सरपंच तरी कोठं धुतल्या तांदळाचा होता," कवडू म्हणाला.

सव्वीस तारीख उजाडली. कवडू सकाळीच सुखरामला घेऊन आनंदरावांच्या घरी गेला. विमलाबाई मनालीला भरवत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं.

कवडू उभ्यानेच बोलला. "सर, वाईट वाटून घेऊ नका. बुक तुमीच लपवलं हाय."

"मी?"

"बुक नाही तर जन्मतारीख नाही. जन्मतारीख नाही तर निवृत्ती नाही. जखमी जनावर गुहा सोडत नसते, सर. मी जंगलात पाहिलं हाय."

विमलाबाईंच्या हातातला चमचा थांबला. मग मनाली हसायला लागली. कवडूकडे बोट दाखवून ती काहीतरी म्हणाली आणि पुन्हा हसली.

"काय म्हणते?" कवडूने विचारलं.

"म्हणते, या काकाले दररोज बोलवत जा," विमलाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

सुखरामला वाटलं, आपण आत्ता इथे नसतो तर बरं झालं असतं. तो पुढे झाला आणि सरांचे पाय धरणार तोच सरांनी त्याला अडवलं. "असू द्या, सुखरामभाऊ. पंधरा दिवसांत माझ्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं."

त्या दिवशी सुखरामने पहिल्यांदा कवडूला न विचारता मोपेड काढली. तो एकटाच कॉलेजात गेला आणि जागेश्वरच्या टेबलासमोर बसला. काय विचारावं ते त्याला सुचेना. नगरपालिकेत असताना पाणी कुठे मुरलं ते कळलं नाही की तो त्या गल्लीतल्या झाडूवालीला विचारायचा. रोज वाकून जमिनीकडे पाहणारं तेवढंच माणूस असतं.

बेबीबाई आली. "पाय वर घ्या जी."

सुखरामने पाय वर घेतले. "मावशी, एक मोठं बुक पाहिलं का? उशीएवढं. लाल पुठ्ठा. सरायचं."

"ज्याच्यावर हळद लागली हाय ते?"

"हळद कायची?"

"देवीची. ते तं पेटीत हाय. दसऱ्याले निंगते."

जागेश्वर खुर्चीतून उठले. बेबीबाईने झाडू भिंतीला टेकवला आणि सगळं सांगितलं, जसं कुणी आपल्या घरची रीत सांगतं. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्यालयात दप्तराची पूजा होते. शेतकरी नांगर पूजतो तसं क्लार्कांनी बुकं पूजायची. सरस्वतीच्या तसबिरीला मागची काडी नव्हती, ती पडायची. मग जुन्या हेडक्लार्कने सगळ्यात जाड बुक शोधून मागे टेकू दिला. जाड तेवढं विद्येचं, म्हणून हळदकुंकू त्यालाच. बारा वर्षं तेच बुक. दसरा झाला की जुना हेडक्लार्क ते परत कपाटात ठेवी. गेल्या वर्षी ते ठेवायच्या आधीच तो दिवाळीच्या सुट्टीत गेला तो निवृत्तीचाच कागद घेऊन आला. बुक बेबीबाईने तसबिरीसोबत लाल फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं.

"मंग सांगितलं काहून नाही?" जागेश्वर ओरडले.

"मले कोणी इचारलं? तो पाहुना तं मले गवत खाऊ घालत होता."

आनंदराव सरांना बोलावून आणलं. पाठोपाठ कवडूही धापा टाकत आला. सरांना ही पूजा कधी दिसलीच नव्हती, कारण दरवर्षी त्या दिवशी ते घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर जायला नागपूरला निघालेले असत. कार्यालयात पूजाअर्चा नको म्हणून त्यांनी प्राचार्यांना सहा वेळा लेखी हरकत दिली होती. नियमाप्रमाणे त्या सहाही हरकती त्यांच्याच सर्व्हिस बुकात चिकटवल्या होत्या. म्हणजे पूजेला हरकत घेणारे कागदच बारा वर्षं पूजेत बसले होते.

पण बेबीबाई पेटीवर हात ठेवून उभी राहिली. "असं मधातच देवीले नाही हालवत जी. सर, पहिले हात जोडा. मंग काढते."

जागेश्वर म्हणाले, "अहो बाई, सरकारी रेकॉर्ड आहे ते!"

"असू द्या ना. वरून देवी हाय."

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि दोन्ही हात जोडले. पेटीकडे नाही. बेबीबाईकडे.

"देवीला मी मानत नाही, बाई. पण माझी पोरगी तुमच्या हातात आहे. तुमाले हात जोडतो."

बेबीबाई एकदम मागे सरकली. "अगा माय! मले कायले जोडता, सर?" तिने घाईघाईने फडकं सोडलं.

बुकाची कड हळदीने पिवळी झाली होती. वारसाच्या पानावर तेल उतरलं होतं, त्यावर शाई धरेना. जागेश्वरांनी खडूची पूड पसरून पान कोरडं केलं आणि मनालीचं नाव तीनदा गिरवलं. दाखला चिकटवला, शिक्का मारला, प्राचार्यांची सही झाली. तारीख होती सव्वीस जून.

"मी पहिल्याच दिवशी म्हणलं होतं," कवडू बाहेर येताना म्हणाला, "का गुन्हेगार इमारतीच्या आतलाच हाय. लिहून घे."

सुखरामने वही काढली आणि लिहिलं: *बेबीबाईला विचारलं. तिने सांगितलं.*

आनंदराव सर दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत वारले. पेन्शन विमलाबाईंच्या नावावर झालं. मनालीचं पेन्शन सुरू झालं दोन हजार सोळाच्या डिसेंबरात, एकाही टेबलावर न अडता, कारण तिचं नाव बुकात होतं. त्याच वर्षी तीन ऑगस्टला विमलाबाई वारल्या होत्या.