हातांवर बसणाऱ्या मंदाताई

मंदाताई मीटिंगमध्ये स्वतःच्या दोन्ही हातांवर बसतात.

आमच्या मंगरूळपीरच्या जमीन मोजणीच्या कचेरीत नव्यानं आलेल्या माणसाला वाटतं, बाईंना थंडी वाजते. मे महिन्यातही वाटतं. मग कोणीतरी त्याच्या कानात सांगतं, "हात मोकये सोडले तं तुमचा कागद ओढतीन त्या."

मी याच कचेरीत अभिलेख कक्ष सांभाळतो. जुन्या कागदांचं आणि माझं बरं जमतं. दोघांनाही फारसं बोलावं लागत नाही. मंदाताईंचं टेबल माझ्या दाराला लागून. माझ्या वाटचंही त्याच बोलतात.

त्या मूळच्या किन्हीराजाच्या. पद अनुरेखकाचं, म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या नकाशावरून रेघ ओढायची. पण दुसऱ्याची रेघ जशीच्या तशी ओढणं त्यांच्या स्वभावात नाही. नकाशे संपले की त्या कचेरीतल्या पाट्या, सूचना आणि अर्ज यांच्या मागे लागत. सूचना भिंतीवर लावण्याआधी रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बोलावत. "बाबा, वाचून दाखवा बरं." बाबा अडखळले की सूचना फाडली. "बाबाचं काही चुकलं नाही. मानसाचा डोया कुठी जाते, ते पाहा लागते." हे त्यांचं पालुपद.

एकदा रंगाऱ्यानं शौचालयाच्या पाटीवरचा बाण उलटा काढला. आठ दिवस लोक साहेबांच्या केबिनमध्ये डोकावत होते, तेही घाईघाईनं. वैतागून साहेबांनी 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी करायला सांगितली. मंदाताई स्टुलावर चढल्या, बाण फिरवला आणि खाली उतरून म्हणाल्या, "पाटी कायले पाह्यजे? लोकाईचं साहेबाजवळ काही काम नव्हतंच."

माझ्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका त्यांना दिली, तर तीही लाल पेन्सिलीनं तपासून परत आली. नातेवाइकांची नावं अर्धं पान, आणि मंगल कार्यालयाचा पत्ता कोपऱ्यात मुंगीएवढा. "भाऊ, मानूस जेवाले येते. जेवन कुठी हाय, ते मोठं लिवा."

अशा माणसाला बढती देऊ नये. पण आली. अर्ज सोपे करायचे असं वरून ठरलं, तीन माणसांचा एक कक्ष निघाला आणि मंदाताई त्याच्या प्रमुख झाल्या. पहिला महिना असा गेला : तिघं सकाळी आपापलं काम आणून देत, मंदाताई "लय छान" म्हणत आणि संध्याकाळपर्यंत ते सगळं स्वतः नव्यानं काढत. तोवर तिघं चहा पीत. कुठल्या टपरीवर आलं जास्त घालतात, याचा त्यांनी सखोल अभ्यास केला. शेवटी त्यांतली शाहीन म्हणाली, "ताई, सारं तुमीच करून राह्यल्या. आमाले कायले आनलं, चाय प्याले?"

मंदाताई दोन दिवस गप्प होत्या. कचेरी घाबरली. तिसऱ्या दिवशी त्या मीटिंगला आल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली सारले.

"सांग शाहीन. हे हात लय आगाऊ हायेत. दाबून ठेवले."

त्या दिवसापासून हातांचं काम हनुवटीकडे आलं. हनुवटी वर गेली की मथळा मोठा करायचा. खाली आली की ओळ काढून टाकायची. डोळे मिटले की कागदच बदलायचा. मीटिंग संपेपर्यंत तळहातांवर वेताची जाळी उमटलेली असे. पण तिघांचं काम आता तिघंच करू लागले, आणि चांगलं करू लागले.

मग शाहीनकडे वारस नोंदीचा अर्ज आला. जुन्या अर्जात गेलेल्या माणसाचं नाव सात ठिकाणी लिहावं लागे. मला तो अर्ज माहीत होता. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली तेव्हा मी भरला होता. शाहीननं तो एका पानावर आणला. नाव एकदाच, सगळ्यात वर, ऐसपैस जागेत. बाकीचे सगळे नमुने नामंजूर झाले असते तरी मंदाताईंना चाललं असतं. हा व्हायलाच हवा होता. तरी त्यांनी पेन्सिल हातात घेतली नाही.

वाशीमहून मोठे साहेब पाहायला आले. जुना कोरा अर्ज घेऊन मीही हजर होतो.

"पण पूर्वीपासून सात ठिकाणी आहे," साहेब म्हणाले. "काहीतरी कारण असेलच ना?"

शाहीन अडखळली. तिनं मंदाताईंकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. मंदाताई हातांवर बसलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. फक्त हनुवटी हळूच माझ्या हातातल्या जुन्या अर्जाकडे वळली.

शाहीननं तो माझ्याकडून घेतला आणि साहेबांपुढे ठेवला. "साहेब, तुमीच भरून पाहा न. घरातलं कोनी गेलेलं मानूस धरा."

साहेब हसले. पेन काढलं. पहिलं नाव झरझर लिहिलं. दुसरंही. तिसऱ्याला वेळ लागला. चौथ्या जागी पेन टेकवलं, आणि उचलून टोपण लावलं.

"आई," ते म्हणाले. मग शाहीनचं पान जवळ घेत, "यांचाच अर्ज सुरू करा."

शाहीनला पेढे आणायला पिटाळून मंदाताई माझ्या दारात आल्या. तळहात चोळत होत्या.

"भाऊ, तुमचं अक्षर मोत्यावानी. तुमी अर्ज भरला त्या दिवशी पयलं नाव तसंच होतं. सातवं मले वाचताच आलं नाही."

मला आठवलं. त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी त्या बसल्या होत्या. एक शब्द बोलल्या नव्हत्या. एरवी एवढं बोलणाऱ्या बाई, मला थोडा रागच आला होता.

"लय वाटलं, तुमच्या हातातला कागद ओढावा अन् मीच भरून द्यावा," त्या म्हणाल्या. "पन वयनीचं नाव तुमालेच लिवा लागे. मंग काय करू? हातावर बसली. हे बसनं तवाचं हाय भाऊ. शाहीन बोलली, तवा पुन्ना आठोलं."

आणि लगेच आवाज चढवून बाहेर, "शाहीन, पेढे भाऊले पयले!"

पेढा खाऊन झाल्यावर मी दार लोटलं. शाहीनच्या नव्या अर्जाची एक प्रत समोर घेतली आणि वरच्या ऐसपैस जागेत नाव लिहिलं. एकदाच.

अक्षर चांगलं आलं.