भोंग्याचं तोंड कुणीकडे

सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन उभे राहिले, तेव्हा आत्या आरामखुर्चीत डोळे मिटून घोड्यांच्या टापा ऐकत होती. चावीच्या ग्रामोफोनवर तबकडी गरगरत होती, पितळी भोंग्यातून घोडे चौखूर उधळले होते आणि खालच्या मजल्यावरच्या शिकवणीत गणित केव्हाच बंद पडलं होतं.

"हे काय चाललंय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"घोडे," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

"अहो, गाणं लावलं असतंत तर एक वेळ समजून घेतलं असतं. परवा तर नुसतं हसणं लावलं होतंत! कुणीतरी बाप्या आपला हसतोय, हसतोय, थांबायचं नाव नाही. आमच्याकडे पाहुणे होते. त्यांना वाटलं, त्यांनाच कुणी हसतंय."

"कोण पाहुणे?"

"माझे साडू."

"मग बरोबरच वाटलं त्यांना."

आत्याकडे गाणं या प्रकारातली एकही तबकडी नव्हती. तिच्याकडे होत्या त्या कधीकाळी नाटक कंपन्यांसाठी, शाळांसाठी आणि कुणा कुणा हौशी लोकांसाठी निघालेल्या. घोडे, वादळ, शंटिंग करणारं इंजिन, कवायतीचे हुकूम, हसणारा माणूस. जुन्या बाजारात दुकानदार ज्या फुकट द्यायला तयार असत, त्या आत्या पैसे मोजून आणायची. उभी नोकरी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. "हो साहेब, जोडते साहेब, लाइन बिझी आहे साहेब." मागे सुपरवायझर उभा. हसायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि दोन माणसं जोडून दिली की आपण मधून निघून जायचं. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःसाठी म्हणून एकच वस्तू घेतली, ती म्हणजे हे यंत्र. त्यातून कुणी मोठ्याने हसलं की तिला आतून मोकळं मोकळं वाटे.

"निदान आवाज तरी कमी करा," सेक्रेटरी म्हणाले.

"याला तसलं बटण नसतं."

"मग त्या भोंग्याचं तोंड फिरवा. रस्त्याकडे नको, जिन्याकडे नको. तिकडे, पाइपांच्या त्या डक्टकडे करा. तिकडे कुणाला त्रास नाही."

आत्याने लगेच भोंगा फिरवला. डक्टच्या पलीकडे बरोबर समोर सेक्रेटरींच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती. पण सेक्रेटरी स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकत नसत, तेव्हा ते लक्षात येण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण शिकवणीच्या सरांनी पुन्हा तक्रार केली आणि सेक्रेटरींनी यंत्र इमारतीबाहेर काढण्याचा ठराव आणायचं जाहीर केलं. आत्या ज्याच्याकडे राहायची तो तिचा भाचा सज्जन होता, म्हणजे घाबरट होता. त्याचं तोंड उतरलं.

"आत्या, मीटिंग होईपर्यंत जरा दमाने घे ना."

"आणि ठराव पास झाला तर?"

"तर माझ्या मित्राच्या गोदामात ठेवू. कोरडं आहे एकदम."

"मग मलाही तिथेच ठेव. मीपण कोरडीच आहे."

भाच्याने वाद घातला नाही. आत्या आंघोळीला गेल्याचं पाहून त्याने सगळ्या तबकड्या दिवाणात टाकल्या, वर गाद्या रचल्या आणि सुयांची डबी ऑफिसच्या बॅगेत घातली. यंत्रावर चढवलेली एक तबकडी तेवढी त्याच्या नजरेतून सुटली.

ती होती पोपटांना बोलायला शिकवायची तबकडी. कुण्या नटाने कुठल्याशा जमान्यात खणखणीत आवाजात एकच वाक्य भरून ठेवलं होतं, "जा, जा! मी नाही ऐकणार!" थोडं थांबून पुन्हा तेच. पुन्हा तेच. पिंजऱ्यासमोर रोज लावावी, पोपट शिकतो, असं तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं. आत्याकडे पोपट नव्हता. तिला आपली गंमत वाटली म्हणून तिने ती घेतली होती.

"एकच उरली का?" आत्या दिवाणाकडे बघत म्हणाली. "बरं. मग एकच वाजेल."

सुई नव्हती, तर तिने खिडकीतल्या कुंडीतल्या निवडुंगाचा काटा मोडून बसवला. काट्यावर तबकडी वाजली की खरखर कमी होते आणि आवाज अगदी जिवंत माणसाचा वाटतो. रोज दुपारी चावी दिली जायची आणि डक्टमध्ये तो नट कडाडायचा, "जा, जा! मी नाही ऐकणार!" भाचा संध्याकाळी घरी आला की आत्या इतकी खूश दिसे, की त्याला वाटे चला, विसरली बिचारी.

मीटिंग सेक्रेटरींच्या बैठकीच्या खोलीत भरली. इमारतीत घरं पाच, आणि घरटी एक मत. शिकवणीचे सर आले, तळमजल्यावरचा शिंपी आला, दाताचे डॉक्टर आले आणि भाचा आला. आत्याला बोलावलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन चांगली खुर्ची धरून बसली होती. सेक्रेटरीणबाई पाण्याचे ग्लास ठेवून आत गेल्या. त्या घरात त्या आणि त्यांचा पोपट, दोघंही न बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "सर्वांनी शांतपणे माझं ऐकावं."

"जा, जा! मी नाही ऐकणार!"

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. आत्याचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. तिलाही धक्का बसला होता, पण तो तिने दाखवला नाही.

"मशीन आणलंत तुम्ही!" सेक्रेटरी ओरडले. "कुठे लपवलंय?"

"पदराखाली," आत्या म्हणाली. "भोंग्यासकट."

शोधाशोध सुरू झाली. शिंप्याने पडद्यामागे पाहिलं. सरांनी कपाट उघडलं. डॉक्टर सोफ्याखाली वाकले आणि तिथून, त्यांनीच सेक्रेटरींना बंद केलेल्या क्रीम बिस्किटांचा पुडा घेऊन वर आले.

"दाढ का दुखते ते आज कळलं," ते म्हणाले.

"तो विषय आत्ता नाही! आधी हा आवाज बंद करा!"

"जा, जा!" आवाज स्वयंपाकघरातून आला, आणि त्याच्या मागोमाग सेक्रेटरीणबाई आल्या. त्यांच्या हातात पिंजरा होता आणि डोळे भरून आले होते.

"बोलतोय हो!" त्या म्हणाल्या. "आज माणसांसमोरही बोलला!"

सेक्रेटरी पोपटाकडे पाहतच राहिले. पोपटाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं आणि अख्खं वाक्य म्हणून दाखवलं, शेवटच्या शब्दावर त्या नटासारखा जोर देऊन.

"हा कधीपासून बोलतोय?"

"झाले बरेच दिवस. दुपारी समोरून आवाज यायला लागला की मीच पिंजरा खिडकीशी न्यायचे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मी त्याच्यामागे किती लागले होते! गोड बोल, छान बोल, राजा बोल. ढिम्म. त्याला बहुतेक कुणीतरी एकदा जोरात बोलून दाखवायला हवं होतं."

सेक्रेटरी खवळले. "पाहिलंत? हा पुरावा! माझ्या घरातला पक्षी बिघडवला या बाईंनी!"

"भोंग्याचं तोंड कुणीकडे करायचं ते तुम्हीच सांगितलंत," आत्या म्हणाली.

आता मात्र ती उठून उभी राहिली. भाच्याने तिच्या साडीला हात लावून तिला बसवायचा प्रयत्न केला, तर तिने तो हात बाजूला केला.

"मतं घ्यायची तर घ्या. पण आधीच सांगते. उभा जन्म मी हळू आवाजात बोलले, तेही दुसऱ्यांसाठी. आता माझ्या घरात मला काय ऐकायचं ते मी ठरवणार. तुमचा ठराव पास झाला तरी मशीन जाणार नाही. उचलायला येणाऱ्याने मला खुर्चीसकट उचलायचं."

सरांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला. शिंप्यानेही केला, जरा ओशाळून. घोड्यांच्या टापांवर त्याचा पाय मशीनवर पळायला लागायचा आणि शिवण वाकडी जायची. डॉक्टर विरोधात गेले. हसणारा माणूस लागला की त्यांचे पेशंट आपण होऊन तोंड उघडत, म्हणून ते त्याचे उपकार मानत असत.

राहिला भाचा. त्याचा हात वर निघाला तो कान खाजवावा तसा कानापाशी थांबला. त्याने आत्याकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं आणि हात सरळ वर नेला.

"विरोधात," तो म्हणाला. आवाज फुटला, पण शब्द स्पष्ट होता. आत्याला एकदम भरून आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

"दोन-दोन," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. "म्हणजे आता माझ्या मतावर..."

"घरटी एक मत ना?" सेक्रेटरीणबाईंनी विचारलं.

"हो. म्हणून तर..."

"मग आपल्या घरचं आज मी देते."

"तू आत जा. चहाचं बघ."

"चहा झालाय. मत राहिलंय."

त्यांनी पिंजरा ठरावाच्या कागदावर ठेवला आणि विरोधात हात वर केला. पोपट एकदम गप्प झाला होता. डॉक्टरांनी तेवढ्यात एक क्रीम बिस्किट खाल्लं.

आठवड्याभराने आत्याला सेक्रेटरी जिन्यात भेटले. त्यांच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या आणि दम लागला होता. ती बाजूला झाली, पण ते पुढे गेले नाहीत.

"आत्याबाई, एक विचारायचं होतं." त्यांनी वर-खाली पाहून घेतलं. "ते तुमच्या जुन्या तबकड्यांमध्ये, म्हणजे... शिकलेलं विसरायला लावणारी एखादी असते का?"

"पोपटासाठी?"

"पोपटाचं काय हो," सेक्रेटरी आणखी खालच्या आवाजात म्हणाले, "तो आता थोडाफार ऐकायला लागलाय."

"तशी तबकडी अजून कुणी काढलेली नाही," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या पिशवीतून घरंगळलेला बटाटा उचलून तिने पुन्हा पिशवीत टाकला.