मिसेस टॉलिव्हर यांची सेवा

माणूस एकटा असताना फारसा सुधारत नाही. त्याचा व्यक्तिमत्त्व विकास व्हायचा, तर त्याला आणखी चाळीस जणांबरोबर एका घरात ठेवावं लागतं, असं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, उच्च शिक्षणाचं ठाम मत आहे. अशा घराला फ्रॅटर्निटी, म्हणजे बंधुसंघ म्हणतात. ओहायोतल्या आमच्या छोट्या विद्यापीठात मी गेली पुष्कळ वर्षं मातीचं शास्त्र शिकवतो आणि अशाच एका बंधुसंघाचा प्राध्यापक-सल्लागार आहे. (नेमणूक झाली त्या बैठकीत मी कॉफी आणायला गेलो होतो.) तेव्हा लिहितो ते जवळून पाहिलेलं आहे.

आमच्या संघाची तीन ध्येयं आहेत: चारित्र्य, नेतृत्व आणि समाजसेवा. पैकी समाजसेवेचा विभाग एका सोफ्यामुळे सुरू झाला. फुटबॉलचा सामना नीट दिसावा म्हणून बंधूंनी दिवाणखान्यातला सोफा छतावर नेला. मध्यंतराच्या सुमारास तो खाली आला. खाली डीन व्हॅन्डरमीर यांची गाडी उभी होती. डीन गाडीत नव्हते, हे संघाच्या वार्षिक अहवालात 'सुरक्षाविषयक यश' या सदराखाली नमूद आहे. डीनसाहेबांनी मात्र अट घातली, की वसंतापर्यंत भरीव समाजसेवा दिसली पाहिजे, नाहीतर घराला कुलूप.

संघाचा अध्यक्ष होता ब्रँटली ऑस्ट्रँडर. उंच, हसरा, हात मिळवताना समोरच्याचं कोपर धरणारा मुलगा. त्याने लगेच लाभार्थी शोधायला घेतला. लाभार्थी वयस्क असावा, फोटोत बरा यावा आणि चालत जाण्याच्या अंतरावर असावा, असे निकष ठरले. गावात गरजू पुष्कळ होते, पण ते रेल्वे रुळांपलीकडे राहत. मिसेस यूनिस टॉलिव्हर शेजारी राहत.

मिसेस टॉलिव्हर एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, आणि अंगणातला बर्फ स्वतः फावड्याने काढणाऱ्या. संघाशी त्यांचा जुना संबंध होता. गोंगाटाच्या बहुतेक तक्रारी त्यांच्याच असत. बंधू दारात उभे राहिले तेव्हा त्यांनी सांगितलं, की मला कसलीही मदत नको आहे.

"मॅडम," ब्रँटली मायेने म्हणाला, "असं वाटणं हेच तर पहिलं लक्षण असतं."

तिथून सेवा सुरू झाली. आधी त्यांच्या दारातला बर्फ काढून त्यांच्याच गॅरेजसमोर रचण्यात आला. मग त्यांनी तीस वर्षं वाढवलेली लायलॅकची झुडपं छाटण्यात आली, कारण त्यांच्यामुळे रस्त्यावरून संघाची पाटी दिसत नव्हती. त्यांचा पांढरा व्हरांडा जांभळा आणि सोनेरी रंगवण्यात आला. हे आमच्या संघाचे रंग. काम जपून झालं. खिडकीची एक काच पुसायला एकोणचाळीस जण हजर राहत. एक जण पुसे, बाकीचे पाठिंबा देत, आणि सेवेचे तास सगळ्यांच्या नावावर लागत. या पद्धतीने आमचा संघ विद्यापीठातला सर्वाधिक सेवाभावी ठरला. मिसेस टॉलिव्हर यांनी डीनकडे लेखी तक्रार केली. अहवालात ती 'लाभार्थींचा सक्रिय सहभाग' म्हणून आली आहे.

या सगळ्यात व्यक्तिमत्त्व विकास न झालेला एकच बंधू होता, ड्यूई प्रुइट. गाईंच्या गोठ्यात वाढलेला, कमी बोलणारा पोरगा. व्हरांडा रंगवताना त्याने मिसेस टॉलिव्हर यांना विचारलं, की तुम्हाला कोणता रंग हवा होता. "होता तोच," त्या म्हणाल्या. हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच, म्हणून त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बसवून 'अॅपल पाय', म्हणजे सफरचंदाचं गोड सारण भरून भाजलेला प्रकार, खायला घातला. पुढे तो अधूनमधून मागच्या दाराने जाऊ लागला. तिथे तो नेमकी काय सेवा करी, हे कळायला मार्ग नाही. बहुधा दोघं नकाशे बघत.

फेब्रुवारीत आनंदाची बातमी आली. आमच्या संघाला राज्य पातळीवरचा सेवा पुरस्कार मिळाला. समारंभात दाखवायची चित्रफीत एका शनिवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात काढायची ठरली. बंधू जांभळे सदरे घालून 'सेवेत आम्ही एक' असा फलक धरून उभे होते. फलकाचं डावं टोक ड्यूईकडे होतं. तिथून त्याला खिडकीबाहेरचं दिसत होतं. मिसेस टॉलिव्हर वर्तमानपत्र घ्यायला बाहेर आल्या, पायरीवरच्या बर्फावर पाय घसरला आणि त्या पडल्या. उठल्या नाहीत.

ड्यूईने फलक सोडला आणि तो पळाला. अंगातला कोट त्यांच्यावर टाकला, अॅम्ब्युलन्स बोलावली, तिच्यातच बसून गेला, आणि क्लीव्हलंडहून त्यांची मुलगी येईपर्यंत शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसून राहिला. खुबा मोडला होता. इकडे फलक डावीकडून लोंबला आणि चित्रफितीत फक्त 'त आम्ही एक' एवढंच आलं.

शिस्तपालन समिती बसली. सल्लागार या नात्याने मी हजर होतो. (माझं मत विचारण्याची प्रथा नाही.)

"भावा, तुझं मन चांगलं आहे, त्याबद्दल वादच नाही," ब्रँटली म्हणाला. "पण आधी सांगायचं होतंस."

"त्या पडणार हे मला आधी माहीत नव्हतं," ड्यूई म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. नियोजन नाही."

कोणीतरी विचारलं, निदान एखादा फोटो तरी काढला होतास का? ड्यूईने नकारार्थी मान हलवली. त्याचा एक हात त्यांच्या डोक्याखाली होता आणि दुसरा त्यांनी धरून ठेवला होता. फोटो नाही, पूर्वपरवानगी नाही, वर चित्रफितीचं नुकसान. सदर सेवा अमान्य ठरली आणि शिक्षा म्हणून पुरस्काराच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या लावण्याचं काम ड्यूईला देण्यात आलं. जाताना त्याने दार जरा जोरात लावलं.

समारंभ एप्रिलमध्ये भरदुपारी, मेजवानीसह झाला. मिसेस टॉलिव्हर वॉकर घेऊन आल्या. त्यांना व्यासपीठाजवळ बसवून ब्रँटलीने त्यांची ओळख 'आम्हा सगळ्यांची आजी' अशी करून दिली. त्याचा गळाही दाटून आला. हे त्याला खरोखर जमतं.

बाईंनी सभागृहावरून नजर फिरवली. "ड्यूई कुठे आहे?"

"तो पार्किंगच्या सेवेवर आहे, मॅडम."

त्यांनी जेवण वाढणाऱ्या मुलीला बोलावून आपलं ताट बांधून द्यायला सांगितलं, दोन काटे घेतले, डबा वॉकरच्या पिशवीत ठेवला आणि दाराकडे निघाल्या. दार लांब होतं. भर भाषणात त्या नेमक्या कुठे निघाल्या आहेत हे कोणाला कळेना, म्हणून एकाने टाळ्या सुरू केल्या. मग सगळं सभागृह उभं राहिलं. त्या दाराबाहेर जाईपर्यंत टाळ्या चालू होत्या. डीनसाहेबांनी डोळे टिपले.

मी मागोमाग गेलो. (सल्लागाराचं कर्तव्य. शिवाय आतली कोंबडी वातड होती.) बाहेर दोघं कठड्यावर बसून एकाच डब्यातून जेवत होती.

"तुला काढलं का रे त्यांनी?"

"नाही. मीच सोडतोय."

"मग राहशील कुठे?"

"बघू."

त्या बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी वरची खोली रिकामी आहे. मला आता जिना चढवत नाही. पण व्हरांडा पांढरा करून द्यायचा. आणि मला 'मॅडम' म्हणायचं नाही."

ड्यूई हो म्हणाला. निदान मान तरी हलवली, कारण तोंड भरलेलं होतं. त्याच आठवड्यात तो सामान घेऊन शेजारी गेला. मिसेस टॉलिव्हर आणखी सहा वर्षं जगल्या आणि ती सहाही वर्षं तो त्या वरच्या खोलीत होता. संघाने पुढच्या अहवालात याची नोंद 'निवासी सेवा प्रकल्प' अशी केली आणि सलग दुसरा पुरस्कार मिळवला.

आज ड्यूई जिल्ह्याच्या माती-तपासणी केंद्रात काम करतो. माझा विद्यार्थी आहे, शेतकऱ्यांना तो आवडतो, पगार बेताचा आहे. ब्रँटली शिकागोत एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाचा प्रमुख आहे आणि दरवर्षी नवे पदवीधर तोच निवडतो.

पुण्या-नाशिकची ओळखीची मंडळी मुलांना इकडे पाठवायचं ठरवतात, तेव्हा मला फोन करतात. मी त्यांना ही हकीकत अगदी सावकाश सांगतो. ड्यूईच्या भागाला आयांचे आवाज कापरे होतात. वडील खाकरतात. 'अशी मुलं आता राहिली नाहीत हो,' असं सगळेच म्हणतात. आणि मग ते ब्रँटलीचा नंबर मागतात.

तुम्हीही विचारायला संकोचू नका. मी देतो.