दुपारी कोण कोण झोपलं

दुपारची जेवणं झाली की आमचे शेजारी लहानूभाऊ गावात कोण कोण झोपलं ते पाहायला निघतात. कुणाच्या ओसरीत डोकावतात, मोहाच्या झाडाखाली पडलेल्या माणसाचा श्वास वाकून ऐकतात. कोणी घोरत असला तर खूश होतात. "मस्त झोपून राह्यला," म्हणतात आणि पुढे जातात. नवीन माणूस घाबरतो. एका पाहुण्याला वाटलं, हे चपला न्यायला आले.

तलावाच्या काठी मासे धरणारे लोक जाळी वाळत घालून आडवे झाले, की भाऊ कमरेवर हात ठेवून मालकासारखे उभे राहतात. मग मला येऊन सांगतात, "आज गाव अमीर हाय बाई." गावात तेव्हा कुणाच्या खिशात काही नसतं. हसावं की काय करावं मला कळत नाही.

यंदा धान निघाल्यावर तालुक्याहून एक साहेब आले. सभा भरली. साहेब म्हणाले, देश झपाट्याने वाढतो आहे, आता आपला जिल्हाही वाढेल, रस्ते होतील, खाणी होतील. भाऊ उठले.

"साहेब, हे वाढनं थांबते कवा?"

"थांबायचं कशाला?"

"पोरगं वाढते, मंग थांबते. नाई थांबलं तं डाक्टरले दाखवा लागते."

सगळे हसले. साहेबही हसले, चांगला माणूस होता. म्हणाले, "मग देश मोजायचा कसा, तुम्हीच सांगा."

"दुपारी किती जन झोपले ते पाहा. पोटात अन्न हाय, घरी कोनी दुखनाईत नाई, डोक्याले घोर नाई, तोच झोपते."

मला ते अगदी पटलं. इतक्यात बायांमधून भाऊंची बायको सुमनबाई बोलली, "मी कवा झोपली दुपारी? मले पाह्यलं का कवा झोपलेली?"

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मला तिचंही पटलं. मग दोघांतलं खरं कुणाचं, ते मात्र सुटेना.

त्याच आठवड्यात सुमनबाईने मिरच्या तोडायला तेलंगणात जायचं ठरवलं. घराच्या छपराचे कवेलू फुटले होते, त्या मजुरीतून तिला टिनाचे पत्रे टाकायचे होते.

"मी चढून फेरतो ना कवेलू," भाऊ म्हणाले.

"लगन झालं तवापासून आयकून राह्यली," ती म्हणाली.

मग भाऊंनी एकच ध्यास घेतला. जायच्या आधी सुमनबाईला एक दुपार तरी झोपवायचं. भांडी स्वतः घासली. खाट कडुनिंबाखाली ओढली. कोंबड्या हाकलल्या, कुत्र्याला दटावलं, मला म्हणाले, "बाई, तुमचं मुसळ थांबवा थोडं." मी थांबवलं. सुमनबाई खाटेवर पडली, डोळे टक्क उघडे.

"झोप ना वो."

"तुमी असे डोक्यावर उभे राह्यले तं मढंही उठून बसन."

दुसऱ्या दिवशी ते कुडामागे लपून बसले. तिला तेही दिसलं. ती हसली, उठली आणि सरपण आणायला जंगलात गेली.

जीप आली. बाया दाटीवाटीने बसल्या. भाऊंनी तिचं गाठोडं टपावर बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. जीपवाला ओरडला तेव्हा कुठे खाली उतरले.

त्या दिवसापासून भाऊ फेरीला निघाले नाहीत. परवा दुपारी माझ्या ओसरीत येऊन बसले. मागच्या साली मी मिरच्यांना गेले होते, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाई, तिथं दुपारची सुट्टी देतेत का?"

तिथे उभ्या उभ्या भाकर खायची आणि पुन्हा ओळीला लागायचं. पण भाऊंचं तोंड पाहून मी म्हटलं, "देतेत ना भाऊ. झोपतेत बाया झाडाखाली."

"कोनतं झाड?"

मी आठवू लागले. नजर जाईल तिथवर मिरच्याच होत्या.

"चिंच," मी म्हटलं.

"मोठी हाय?"

"मोठी हाय."

भाऊंनी मान हलवली. ऊन कुठवर आलं ते बघितलं.

"मंग आता निजली असन," ते अगदी हळू आवाजात म्हणाले.