सासूबाईंच्या नावाचा पतंग

सासूला खूश करायला लोक काय काय करतात. या जावयाने तर एका किड्यालाच तिचं नाव दिलं, आणि ही युक्ती फसणं शक्य नाही असं तो छातीठोकपणे सांगत होता.

जावई संग्रहालयाच्या कीटक विभागात नोकरीला. लग्न झाल्यावर दुसरं घर मिळेपर्यंत म्हणून सासूबाईंच्या माडीवर राहायला आला आणि तिथेच मुरला. सासूबाईंना ती खोली शिवणवर्गासाठी परत हवी होती. रोज जेवताना विषय निघे, आणि रोज जावई मान खाली घालून ताटात जास्तच लक्ष घाली.

अशात बागेतल्या एल्मच्या झाडावर त्याला तांदळाच्या दाण्याहून लहान असा पतंग सापडला. जात अगदी नवी, आणि नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. त्याने सासूबाईंचं नाव देऊन टाकलं. आता आई खोलीचं नावसुद्धा काढणार नाहीत, असं त्याने बायकोला ऐकवलं. हा पतंग करतो तरी काय, असं तिने विचारलं, तेव्हा एल्मवर राहतो, एवढंच तो बोलला.

सासूबाई हरखून गेल्या. संग्रहालयातल्या व्याख्यानाला ठेवणीतले कपडे घालून, धाकट्या बहिणीला आणि अख्ख्या शिवणवर्गाला घेऊन त्या पहिल्या रांगेत बसल्या.

जावयाने खाकरून वाचायला सुरुवात केली. या पतंगाची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरते. एकदा शिरली की आत ठाण मांडून बसते. मागे कोणीतरी खुदकन हसलं, आणि हे सगळं कोणाच्या नावाने चाललंय ते जावयाच्या ध्यानात आलं. पण मधेच थांबणार कसं? पुढच्या ओळीत अळी पान आतून पोखरत होती, त्याच्या पुढच्या ओळीत घाणही तिथेच करत होती. धाकट्या बहिणीने तोंडात रुमाल कोंबला. खोली तर गेलीच, आता बायकोही जाते की काय, असं जावयाला वाटू लागलं.

सासूबाई मात्र शांत होत्या. त्यांनी हात वर केला.

"जावईबापू, एक शंका आहे. ते पान तिचं स्वतःचं असतं का?"

"नाही, आई. आयतंच मिळतं."

"पण वाढ पूर्ण झाल्यावर तरी सोडते ना?"

एकदाचं काहीतरी चांगलं सांगायला मिळालं, या आनंदात जावई जवळजवळ ओरडलाच, "हो तर! आपणहून सोडते. कोणाला सांगावं लागत नाही!"

"गुणाची आहे हो," सासूबाई म्हणाल्या. "मग तुम्ही कधी सोडताय?"