सोडियमला प्रवेश नाही

"सर, सोडियम पोटॅशियमपेक्षा बारकं असतंय, मग पोटॅशियमच्या दारातनं त्याला का सोडत न्हाईत?"

हे विचारून दाखव, असं बाकावरच्या क्रांतीनं मला डिवचलं होतं. मी विचारलं. चौगुले सर खूश झाले (अकरावीत प्रश्न येणं ही दुर्मीळ घटना). म्हणाले, "पेशीच्या पडद्यातलं ते दार पोटॅशियमच्या मापाचं. आत शिरायला अंगाभोवतीचं पाणी सोडावं लागतं. पोटॅशियमला दाराच्या भिंती आधार देतात, सोडियमला त्या लांब पडतात. मग ते पाणीच सोडत न्हाय, बाहेर राहतंय."

"म्हणजे चूक सोडियमची?"

"न्हाय गं. मापच दुसऱ्याचं हाय."

व्यवस्था कशी असावी, हे पेशीकडून शिकावं. नाहीतर गडमुडशिंगीतल्या आमच्या घराकडून. आमचं जैनांचं घर, म्हणून जेवणं दिवस मावळायच्या आत. म्हणून मुलीही दिवस मावळायच्या आत घरात. सम्मेददादा रात्री वडापाव खाऊन येतो. धर्म त्यालाही लागू आहे, फक्त दाराला त्याची अडचण होत नाही.

पेशीतली काही दारं दाबानं उघडतात. मामा येऊन "पोरीला जाऊ दे की!" म्हणाले की आमची कडी निघते, मामांची गाडी वळली की लागते. काही दारांना ठरावीक वस्तू येऊन चिकटावी लागते. आमच्या दाराला 'क्लास' हा शब्द चिकटतो, 'फुटबॉल' चिकटत नाही. शेजारच्या अंबूबाईंच्या पाहणीनुसार जगातले नव्वद टक्के धोके सातनंतर फक्त मुलींना भेटतात. उरलेले दहा टक्के रजेवर असतात.

अशात मुलींच्या नव्या फुटबॉल संघानं मला गोलकीपर म्हणून निवडलं (आत काय सोडायचं नाही, याचं शिक्षण घरीच झालंय). सराव पाच ते साडेसात. नाव आजच पक्कं करायचं होतं, नाहीतर जागा दुसरीला.

सर पुढं म्हणाले होते, सोडियमला स्वतःचं वेगळं दार असतं आणि ते उघडल्याशिवाय नसेतून संदेशच निघत नाही. म्हणजे वाचकहो, आत्ता तुम्ही हसला असाल, तर तेवढ्यासाठीसुद्धा तुमच्या अंगानं सोडियमला आत घेतलं. घरी तुम्ही कुणासाठी कडी लावता, ते तुमचं तुम्ही बघा.

मी घरी आले आणि उंबऱ्यातच सांगितलं, "आई, बाबा, मी संघात नाव देऊन आलीय."

बाबांनी ठेवणीतला प्रश्न काढला, "आणि जेवण?"

"डबा नेणार. दिवस मावळायच्या आत मैदानावर बसून जेवणार. आता आणखी काय अडतंय, तेवढं सांगा."