आयर्लंडविषयक मतांचे नियमन

सन २०१४च्या एप्रिल महिन्यात आमच्या ईशान्य सिंगापूर मराठी स्नेहमंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पुंगोलच्या निशिकांतने सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ‘आज पाऊस जरा अतीच आहे’ असा संदेश टाकला आणि पुढच्या सहा मिनिटांत अकरा सभासद ग्रुप सोडून गेले. या अकराही जणांचे पीआरचे, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचे, अर्ज विचाराधीन होते.

त्यांचं म्हणणं असं, की पाऊस अती आहे म्हणजे गटारं कमी पडतात, गटारं कमी पडतात म्हणजे नियोजन चुकलं, आणि नियोजन चुकलं म्हणणाऱ्या माणसाच्या ग्रुपमध्ये आपला नंबर असणं बरं नव्हे. वास्तविक इथल्या सरकारने आम्हाला कधी गप्प बसायला सांगितलेलं नाही. पावसाबद्दल तर नाहीच नाही. पण कुणी न सांगता गप्प बसणं हा आपला जुना गुण आहे आणि तो आम्ही परदेशातही निष्ठेने जपला आहे.

भारताबद्दल बोलायची सोय तर आधीच संपली होती. तिकडे निवडणुका होत्या, आणि त्यावरून मंडळात अशी फूट पडली की पाडव्याला श्रीखंडाची दोन पातेली आणि दोन रांगा कराव्या लागल्या. दोन्ही पातेल्यांतलं श्रीखंड एकाच दुकानातलं होतं, तरी पलीकडचं आंबट आहे असं दोन्ही रांगांचं मत पडलं.

मी, हेमचंद्र, या मंडळाचा कार्यवाह. मला पीआर मिळून अकरा वर्षं झाली, त्यामुळे भीती अशी राहिलेली नाही. सवय तेवढी राहिली आहे.

निशिकांत मूळचा पुण्याचा. त्याला काहीही दाखवलं की त्याचं मत होतं, आणि झालेलं मत बाहेर पडलं नाही तर त्याला ॲसिडिटी होते. पावसाच्या प्रकरणानंतर त्याने तीन आठवडे तोंड उघडलं नाही. मग एका संध्याकाळी त्याची बायको मेधा मला पुंगोलच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गाठून म्हणाली, “हेमचंद्रदादा, ह्याचा पीआरचा अर्ज दोनदा परत आलाय. तिसरा आत आहे. आमची जाई शाळेत रमलीय, मला आता इथून कुठे हलायचं नाही. पण हा असा गप्प राहिला तर काहीतरी भलतंच होईल. काल लिफ्टमध्ये लिफ्टच्या आवाजाबद्दल बोलायला लागला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.”

“आणखी कोण होतं लिफ्टमध्ये?”

“कुणी नव्हतं. पण कॅमेरा होता.”

प्रश्न गंभीर होता. मी कार्यकारिणीची बैठक बोलावली. कार्यकारिणीत तिघंच: टॅम्पिनीसचा शैलेंद्र, जो बँकेत जोखीम व्यवस्थापक आहे, सेम्बावांगच्या साधनाताई, ज्या मराठी शाळा चालवतात, आणि मी. ठराव असा झाला, की सभासदांना मतं असणं ही शारीरिक गरज आहे हे मंडळ मान्य करतं, परंतु ती मतं अशा देशाबद्दल असावीत जिथे कुणाचं काही अडकलेलं नाही.

असा देश शोधणं सोपं नव्हतं. ऑस्ट्रेलिया साधनाताईंच्या भावामुळे बाद झाला. जर्मनीत शैलेंद्रची मेहुणी. न्यूझीलंडचं नाव घेताच शैलेंद्रच पाणी प्यायला उठला, त्यावरून त्याने तिकडेही अर्ज करून ठेवल्याचं उघड झालं. आइसलंडबद्दल आम्ही अर्धा तास मत बनवायचा प्रयत्न केला, पण थंडी असेल यापलीकडे काही सुचेना. शेवटी आयर्लंड निघालं. कुणाचं कुणी तिथे नव्हतं आणि कुणाला जायचंही नव्हतं. शिवाय तिथे पाऊस आहे, चहा आहे, पडके किल्ले आहेत आणि परदेशी गेलेली मुलं आहेत, म्हणजे विषयांची ददात नाही.

त्याप्रमाणे नियमावली झाली. मत देऊ इच्छिणाऱ्याने नमुना ‘म’ भरून आदल्या दिवशी कार्यवाहांकडे द्यावा. त्यात मताचा विषय, मताची दिशा (अनुकूल / प्रतिकूल / संतप्त) आणि आयर्लंडशी कोणताही संबंध नसल्याची स्वयंघोषणा. सदर मत दुसऱ्या एखाद्या देशाला लागू पडत असल्यास ‘योगायोग’ असे लिहून सही करावी. आयर्लंडला जाऊन आलेल्या किंवा तिथल्या माणसाशी बोललेल्या सभासदाचं मत पूर्वग्रहदूषित समजून फेटाळण्यात येईल. ही शेवटची अट शैलेंद्रची. जोखीम कमीत कमी ठेवायची तर माहितीही कमीत कमी हवी, असं त्याचं शास्त्र होतं.

पहिला नमुना ‘म’ अर्थातच निशिकांतचा. त्याने रात्रभर इंटरनेटवर बसून आयर्लंडची वर्तमानपत्रं वाचून काढली आणि सकाळी ‘आयर्लंडमधला पाऊस जरा अतीच आहे’ हे मत विहित मार्गाने प्रसिद्ध केलं. एकही सभासद ग्रुप सोडून गेला नाही. उलट सेहेचाळीस अंगठे आले. मेधाचा फोन आला, की आज तो बिनगोळीचा जेवला.

त्यानंतर काय बांध फुटला, विचारू नका.

ज्या माणसांनी दहा वर्षं बसच्या रांगेबद्दलही बोलणं टाळलं होतं, ती आयर्लंडमधल्या गॉलवे गावच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल पोटतिडकीने लिहू लागली. तिकडे म्हणे पऱ्या राहतात अशा समजुतीने एका झुडपापायी रस्ता बाजूला सरकवला होता. त्यावर शैलेंद्रने अंधश्रद्धेचा असा समाचार घेतला की वाचणाऱ्याने परत पिंपळाकडे बघू नये. त्याचा स्वतःचा पीआरचा अर्ज गुरुपुष्यावर भरला होता, पण तो आयर्लंडमध्ये भरला नव्हता, त्यामुळे नियमभंग होत नव्हता.

साधनाताईंचा विषय आयरिश भाषा. व्हॉइड डेकवर, म्हणजे आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, त्यांनी याच विषयावर पाऊण तास व्याख्यान दिलं. “भाषेचा अभिमान सगळ्यांना, पण घरात बोलतात इंग्रजी. मुलांना शाळेत घातलं की आपलं काम संपलं. अशाने भाषा जगेल का? लाज वाटायला हवी त्या आईबापांना.” लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्यांचा मुलगा खांबाआडून पळत आला, तेव्हा त्या थांबून म्हणाल्या, “क्षितिज, डोन्ट रन. कम हिअर, अंकलना हॅलो म्हण.” क्षितिज अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, “ममी, सो लाँग ऑलरेडी लाह.” व्याख्यान पुढे सुरू झालं.

पण खरा भडका उडाला तो पाणीपट्टीवरून. त्या वर्षी आयर्लंडमध्ये घरगुती पाण्याला पट्टी लावायची का, यावर मोर्चे निघत होते. निशिकांत पट्टीच्या विरोधात गेला. पाऊस देवाचा, त्याला मीटर कसला, असा त्याचा सवाल होता. शैलेंद्रने चौदा पानांचं उत्तर लिहिलं. मग पुंगोल पट्टीविरोधी झालं आणि टॅम्पिनीस पट्टीवादी. सेम्बावांग मध्येच असल्यासारखं वागत होतं, नकाशात ते मध्ये नसलं तरी. ‘आयर्लंड (अधिकृत)’ आणि ‘आयर्लंड (खरे)’ असे दोन ग्रुप झाले. पुढच्या पाडव्याला श्रीखंडाची पातेली पुन्हा दोनच होती, फक्त रांगा वेगळ्या लागल्या. जी माणसं आदल्या वर्षी एकमेकांचं तोंड बघत नव्हती ती आता आयर्लंडमुळे गळ्यात गळे घालून उभी होती, आणि एका रांगेतले साडू दोन रांगांत गेले होते. मंडळ आता एकजीव झालं आहे असं मी वार्षिक अहवालात लिहिलं.

या सगळ्यात निशिकांत सर्वांच्या पुढे होता. दीड वर्षात त्याची चारशे बारा मतं मंजूर झाली. दलदलीतली माती कापून, वाळवून चुलीत जाळावी की नाही यावर एकट्याची एकतीस. आम्ही मराठी माणसं; एखाद्याने एवढं काम केलं तर गप्प कसं बसणार? २०१६च्या जानेवारीत आम्ही त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. ‘आयर्लंडचे गाढे अभ्यासक’ असं मानपत्र मी स्वतः लिहिलं आणि खाली सही केली. आणि सत्काराचा फोटो कुठे टाकल्याशिवाय सत्कार झाल्यासारखा वाटत नाही, म्हणून निशिकांतने मानपत्र इंग्रजीत करून, शाल पांघरलेल्या फोटोसकट, नोकरीच्या ओळखीपाळखी असतात त्या वेबसाइटवर चढवलं.

पाच आठवड्यांनी तो माझ्या दारात उभा होता. घामाघूम.

“हेमचंद्रराव, कंपनी डब्लिनला ऑफिस काढतेय.”

“वा. यावर मत द्यायचं असेल तर नमुना...”

“मत नाही हो. मला पाठवतायत. एचआरच्या मिस लिमनी माझं मानपत्र प्रिंट काढून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, यू सो पॅशनेट अबाउट आयर्लंड, व्हाय नेव्हर टेल अस? मी म्हटलं, मी कधी तिथे गेलेलो नाही, मला काही माहीत नाही. तर त्या हसल्या. म्हणाल्या, सो हम्बल. इथली माझी जागा एप्रिलपासून बंद. डब्लिन, नाहीतर घरी.”

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. त्याने ते हातातच धरून ठेवलं. नोकरी इथली सुटली की काम करायचा सरकारी पास रद्द, आणि पास रद्द की पीआरचा तिसरा अर्ज केराच्या टोपलीत. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

“एकच मार्ग आहे,” तो म्हणाला. “मिस लिमना लेखी पुरावा हवा. मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी द्या. ‘प्रमाणित करण्यात येते की श्री. निशिकांत यांना आयर्लंडमधलं काहीही कळत नाही. त्यांच्या मतांना काही अर्थ नाही.’ बस्स. मेधा रडतेय हो. जाई विचारते, डॅडी, डब्लिन गॉट चिकन राइस ऑर नॉट?”

मी त्याच रविवारी कार्यकारिणी बोलावली. मेधाही आली आणि बाकाच्या टोकाला बसली. साधनाताईंनी लगेच पाठिंबा दिला. “लिहून देऊन टाका. पोरीची शाळा आहे. आणि त्याला काही कळत नाही हे खरंच आहे की.”

“ते खरं आहे,” शैलेंद्र म्हणाला. “पण त्याच्या मताला मी चौदा पानं उत्तर दिलंय. त्याच्या मताला अर्थ नाही असं मंडळाने लिहून दिलं, तर माझ्या चौदा पानांचं काय? आणि ताई, तुमच्या व्याख्यानाचं? आपल्यालाही तेवढंच कळतं ना? आज त्याला पत्र दिलं की उद्या सगळ्या मंडळाला लागू पडेल.”

“योगायोग लिहू,” साधनाताई म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

मतं एकास एक झाली. राहिलो मी. मेधा माझ्याकडे बघत होती. “दादा,” ती म्हणाली, “दोनच ओळी आहेत.”

दोनच ओळी होत्या. पण मानपत्राखाली सही माझी होती. ‘गाढे अभ्यासक’ लिहिणारा हात ‘काही कळत नाही’ असं कसं लिहिणार? माझी सही खोटी ठरली असती, आणि कार्यवाहाकडे सहीशिवाय दुसरं असतं काय? मी विरोधात हात वर केला. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी नामंजूर. मेधा पर्स घेऊन उठली आणि चालायला लागली.

नियमाप्रमाणे त्याच दिवशी निशिकांतचा आयर्लंडशी संबंध प्रस्थापित झाला असल्याने मी त्याला दोन्ही ग्रुपमधून काढून टाकलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चांगी विमानतळावर निरोपाला मंडळातला मी एकटाच होतो. जाईने शाळेची पाण्याची बाटली गळ्यात अडकवली होती आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. निशिकांत कंबरेएवढ्या पाच बॅगा ढकलत म्हणाला, “लिफ्टचा आवाज खरंच फार होता, हेमचंद्रराव. आता सांगायला हरकत नाही.” मला वाईट वाटलं. मी चुकलो असं वाटलं. हे मत नव्हे, म्हणून नमुना न भरता लिहितो आहे.

त्यानंतर सहा महिन्यांनी त्याची मेल आली. पाऊस आहे, पण अती नाही. मेधाला नोकरी मिळाली. जाई शाळेत आयरिश शिकते आणि घरी मराठी बोलते, कारण शेजाऱ्यांबद्दल बोलायला तीच सोयीची पडते. तिथेही मराठी मंडळ आहे. सगळ्यांचे परवाने विचाराधीन, त्यामुळे आयर्लंडबद्दल अवाक्षर नाही, भारताबद्दल नाही. सगळी मतं सिंगापूरबद्दल. निशिकांतने उत्साहाने हात वर केला, तर कार्यवाह म्हणाले, तुम्ही तिथे राहिलेले आहात, तुमचं मत पूर्वग्रहदूषित आहे. सध्या त्याला गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत.

असो. इथवर वाचलंत, म्हणजे आमच्या मंडळाबद्दल आणि खास करून माझ्याबद्दल तुमचं एक मत झालेलं असणार. आमच्यापैकी कुणाला तुम्ही ओळखता? पुंगोलला कधी आला आहात? आमचं काही तुमच्याकडे, तुमचं काही आमच्याकडे अडकलं आहे? नाही ना?

मग तुमचं मत ग्राह्य आहे. फक्त ते तुमच्या स्वतःच्या गल्लीला लागू पडत असेल, तर खाली ‘योगायोग’ असं लिहून सही करा.